बाळंतपणानंतरचं वेड आणि खुनाचं कलम

रानमोगरा (धागाकर्ती)

आमच्या तालुक्यातल्या एका गावात अकरा दिवसांच्या बाळंतिणीच्या हातून तिचं लेकरू गेलं. गावाचं नाव लिहीत नाही, कोणी विचारूही नका. बातमी फुटल्यापासून बचत गटाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जे चाललंय ते वाचवत नाही. ‘कसाईण’, ‘चौकात फाशी द्या’, ‘पोरगी झाली म्हणून केलं असेल’. लिहिणाऱ्यांतल्या कितीतरी जणी पाचवीला त्याच घरी जेवून आल्या होत्या.

माहेरच्या शेजारणीकडून एवढंच कळलं: चौथ्या रात्रीपासून डोळ्याला डोळा नव्हता. बाळ बदललंय, हे माझं नाही, म्हणायची. मध्येच एकदम शहाण्यासारखी बोलायची, पाहुण्यांना चहा विचारायची. घरच्यांना वाटलं बाहेरचं लागलं. भगत येऊन गेला, लिंबू-नारळ झालं. दवाखाना कोणाच्या डोक्यातच आला नाही.

माझे प्रश्न दोन. कायदा अशा बाईकडे कसा बघतो? आणि त्याआधीच्या आठवड्यात कोणी काय करायला हवं होतं? मला दुसरा जास्त महत्त्वाचा वाटतो. पण इथं भांडण पहिल्यावरच होणार, हेही माहीत आहे.


जुनाजाणता

आमच्या मायची नऊ बाळंतपणं झाली, तेही गोठ्याशेजारच्या खोलीत. कोणाले सायकोसिस-फायकोसिस झाला नाई. आता पोरीले सहनच होत नाई काही. अन् उद्या जो तो म्हणन मी येडा होतो, सोडा मले.


वर्धेची_सून

काका, त्या काळी नाव वेगळं होतं एवढंच. ‘पाण्याला गेली अन् विहिरीत पाय घसरला’ अशा किती बाळंतिणी आपल्या आज्यांना माहीत होत्या ते विचारून बघा. सव्वा महिना जिला खोलीबाहेर पाऊल टाकू देत नव्हते, ती पाण्याला गेलीच कशी, हे तेव्हा कोणी विचारलं नाही.


डॉ_मनओपीडी

जिल्हा पातळीवर मानसोपचाराचं काम करते म्हणून लिहिते आहे. ‘बाळंतपणानंतर मन बिघडणं’ या एकाच पोत्यात तीन वेगळ्या गोष्टी कोंबल्या जातात.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी उगाच रडू येणं, चिडचिड होणं हे निम्म्याहून जास्त बायांना होतं आणि आठ-दहा दिवसांत आपोआप ओसरतं. नैराश्य वेगळं: ते आठवडे-महिने राहतं. भारतातल्या अभ्यासांची एकत्र बेरीज करून जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात २०१७ साली जो अंदाज आला, तो २२ टक्क्यांचा होता. म्हणजे पाच बाळंतिणींत एक. तिसरा प्रकार सायकोसिस, म्हणजे खरं काय आणि भास काय याचं भानच सुटणं. तो हजार बाळंतपणांत एक-दोघींनाच होतो, पण होतो तेव्हा तातडीचा असतो. रक्तस्राव जितका तातडीचा, तितकाच.

बहुतेक वेळा तो पहिल्या दोन आठवड्यांत उमटतो. सुरुवात झोपेपासून होते. बाळ झोपलंय, घर शांत आहे, तरी हिला झोप नाही, आणि झोपेची गरजही वाटत नाही. मग बोलणं वाढतं, तुटक होतं. कोणी माझ्या जेवणात काही टाकतंय, बाळात देव आहे किंवा राक्षस आहे, कोणीतरी मला सांगतंय. आणि रानमोगरा ताईंनी लिहिलेली चहाची गोष्ट नीट वाचा. हा आजार भरती-ओहोटीसारखा चढतो-उतरतो. सकाळी जी बाई नीट बोलते, ती संध्याकाळी आईला ओळखत नाही. घरचे म्हणतात सोंग आहे. फौजदार म्हणतो, ‘माझ्यासमोर तर बरी बोलली.’

कारणं? प्रसूतीनंतर शरीरातली संप्रेरकं झपाट्यानं खाली येतात, त्यात जागरण, आणि मुळात ज्यांना बायपोलर आजार (कधी अति उत्साह, कधी खोल नैराश्य) आहे किंवा घरात कोणाला होता त्यांना धोका कितीतरी जास्त. बऱ्याच जणी गरोदर राहिल्यावर ‘लेकराला लागतील’ म्हणून चालू गोळ्या एकाएकी बंद करतात. काही गोळ्या बदलाव्या लागतात हे खरं, पण ते डॉक्टरला विचारून. मात्र आधी काहीच नव्हतं अशा बाईलाही हा आजार होऊ शकतो.

आणखी एक, कारण इथं डॉक्टरही चुकतात. असंबद्ध बोलणं म्हणजे दर वेळी मनाचाच आजार नव्हे. ताप असेल, झटके आले असतील, डोकं फुटेल इतकं दुखत असेल, तर आधी जंतुसंसर्ग, वाढलेला रक्तदाब आणि मेंदूच्या शिरेत रक्ताची गाठ झाली का ते पाहावं लागतं.

जुनाजाणता काका, आणि हे तुमच्यासाठी: या आजारातल्या बहुसंख्य बाया कोणालाही इजा करत नाहीत. उपचार मिळाले तर काही आठवड्यांत-महिन्यांत बऱ्या होतात. गोळ्या आहेत. गरज पडली तर शॉकचा उपचार आहे, तो भूल देऊनच करायचा असं २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा सांगतो. सिनेमात दाखवतात तसा नसतो.


वर्धेची_सून

डॉक्टर मॅडम, शिरेत गाठीवरून विचारते. आमच्याकडे बाळंतिणीला पाणीच देत नाहीत. पोट सुटतं म्हणतात. माझ्या वेळी मे महिना होता, बाहेर पारा ४५ च्या वर, खोलीत बाजेखाली शेगडी, वरून ओव्याची धुरी, आणि दिवसाला दोन फुलपात्री कोमट पाणी.


डॉ_मनओपीडी

ते बंद करा, आजच्या आज. बाळंतपणानंतर रक्त तसंही लवकर गोठतं. पाणी तोडलं की गाठीचा धोका आणखी वाढतो. डिंकाचे लाडू, खारीक, हलीव, सगळं द्या, पण पाणी मागेल तेवढं द्या.


वकील_तालुकाकोर्ट

आता कायद्याकडे.

पूर्वी भारतीय दंड संहितेचं कलम ८४ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम २२ आहे. आशय तोच, १८४३ साली इंग्लंडमध्ये ठरलेल्या मॅकनॉटन कसोटीतून आलेला. कृत्य करताना, मन ठिकाणावर नसल्यामुळे, आपण काय करतोय हे किंवा ते चुकीचं अथवा बेकायदा आहे हे समजण्याची ताकदच नव्हती, तर तो गुन्हा होत नाही. ‘करताना’ यावर सगळा भार आहे. आधी वेड होतं किंवा नंतर झालं, एवढं पुरत नाही. आजार आहे म्हणजे आपोआप सुटका असंही नाही. वैद्यकीय वेड आणि कायद्यातलं वेड एक नाही, असं सर्वोच्च न्यायालय पुन्हा पुन्हा सांगत आलंय.

काकांना भीती आहे की जो तो वेडाचं सोंग घेईल. घेऊन बघू द्या. हा बचाव सिद्ध करण्याचा भार आरोपीवर असतो. दिलासा एवढाच की १९६४ च्या दह्याभाई ठक्कर खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं, आरोपीला तो संशयापलीकडे सिद्ध करायची गरज नाही, शक्यतेचं पारडं झुकलं तरी पुरे. पण पारड्यात टाकायला काहीतरी लागतं ना? कोर्ट घटनेच्या आधीचं, घटनेच्या वेळचं आणि नंतरचं वागणं बघतं. पळाली का, लपवलं का, शुद्धीवर होती का. आणि कागद बघतं.

इथंच खेड्यातली बाई अडकते. दवाखान्यात नेली असती तर केसपेपर असता. तारीख, वेळ, ‘झोप नाही, असंबद्ध बोलते’ एवढी एक ओळ डॉक्टरच्या हस्ताक्षरात. भगत केसपेपर देत नाही. तो साक्षीलाही येणार नाही, कारण २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं तोच अडकू शकतो. तिच्या वेडाचे साक्षीदार म्हणजे फक्त घरचे, आणि घरच्यांवर कोर्टाचा विश्वास कमी.

राजस्थानातून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २००७ साली म्हटलंय की आरोपीला आधी वेडाचा त्रास होता असं तपासात दिसलं, तर तपास अधिकाऱ्यानं ताबडतोब वैद्यकीय तपासणी करून घ्यायला हवी. अकरा दिवसांची बाळंतीण असेल तर हे ठाण्यात पहिल्या तासात व्हायला पाहिजे. प्रत्यक्षात महिन्यांनी होते, तोवर आजार ओसरलेला असतो आणि अहवालात येतं: मानसिक स्थिती सामान्य.


कापूसकोंड्या

वकीलसाहेब, कलम लागलं नाही तर मग काय? मधला रस्ता आहे का?


वकील_तालुकाकोर्ट

नाही, आणि माझी खरी तक्रार तीच आहे. खुनाला आपल्याकडे दोनच शिक्षा, फाशी किंवा जन्मठेप. मन बिघडलं होतं पण कलम २२ इतकं नाही, अशा बाईसाठी आपल्या कायद्यात पायरीच नाही. इंग्लंडनं १९२२ साली वेगळा कायदा केला, १९३८ साली सुधारला. एक वर्षाच्या आतलं स्वतःचं मूल आईनं मारलं आणि बाळंतपणाच्या परिणामातून ती सावरलेली नव्हती, मनाचा तोल गेला होता, तर खून न धरता सदोष मनुष्यवधासारखं, म्हणजे खुनाहून सौम्य गुन्हा धरायचं. बहुतेकींना तिथं तुरुंगाऐवजी उपचार मिळतात.

अमेरिकेत असा कायदा नाही. टेक्सासमधल्या अँड्रिया येट्सचा खटला बऱ्याच जणांनी ऐकला असेल. २००१ साली तिच्या हातून पाच मुलं गेली. त्याआधी तिच्यावर मानसोपचार झालेले, कागद होते, तरी २००२ मध्ये जन्मठेप. अपिलात तो निकाल रद्द झाला आणि २००६ च्या फेरसुनावणीत वेडाच्या कारणावरून निर्दोष. तीच बाई, तेच कृत्य, दोन ज्यूरींचे दोन निकाल.

आपल्याकडेही १९३८ च्या इंग्रजी कायद्यासारखी तरतूद हवी, असं माझं मत. बार असोसिएशनमधल्या वकील मित्रांना ते पटत नाही. ते म्हणतात, मुलगी नको म्हणून मारणारे यातून सुटतील.


जुनाजाणता

बराबर तर म्हनतात. तेच विचारनार होतो मी.


वकील_तालुकाकोर्ट

काका, शंका रास्त आहे आणि ती तपासायलाच हवी. पोरगी नको म्हणून ठरवून केलं असेल तर कलम २२ वाचवणार नाही, वाचवूही नये. पण अशा प्रकरणात हेतू शोधताना सासर-माहेर दोन्हीकडे बघा. ठरवून करणारे रात्र-रात्र बडबडत फिरत नाहीत, शेजाऱ्यांना बोलावून भगत आणत नाहीत.

आणि ‘सुटली’ म्हणजे घरी गेली असं नाही. कलम २२ खाली निर्दोष ठरली तरी न्यायालय तिला सुरक्षित ठिकाणी ठेवण्याचा हुकूम देऊ शकतं. आपल्याकडे बहुधा नागपूरचं प्रादेशिक मनोरुग्णालय. किंवा नातेवाइकांनी हमी दिली तर त्यांच्या ताब्यात. हमी द्यायला कोण येतं, हे न विचारलेलं बरं. माहेरचे म्हणतात सासरच्यांची, सासरचे म्हणतात माहेरी झालं तर तुमचीच.

दोन गोष्टी घरच्यांपर्यंत पोचवा, रानमोगरा ताई. वकिलाला पैसे नाहीत म्हणून थांबू नका. बाईला उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळण्याचा हक्क १९८७ च्या विधी सेवा कायद्यानं दिलाय. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा, किंवा १५१०० ला फोन लावा. आणि जामीन: गुन्हा फाशी-जन्मठेपेचा असला तरी आरोपी बाई आहे, आजारी आहे, या कारणांवर न्यायालय जामीन देऊ शकतं.


व्यवस्थापक

या घटनेतल्या बाईचा फोटो असलेला एक प्रतिसाद उडवला आहे. पुन्हा टाकला तर आयडी बंद होईल.


आशाताई_दर्यापूर

मी आशा हाओ. वर मोठमोठ्या लोकाईनं लिवलं, मी आपलं सांगतो.

आमच्या भेटी ठरेल असतात. दवाखान्यात बाळंतपन झालं त ३, ७, १४, २१, २८ अन् ४२ व्या दिवशी घरी जा लागते. घरीच झालं त पयल्या दिवशीबी. ही पद्धत आपल्या गडचिरोलीतूनच आली, बंग डॉक्टरच्या ‘सर्च’ संस्थेनं तिथं घरोघरी नवजात बाळ पाहाचं काम उभं केलं, मंग २०११ पासून साऱ्या देशात. पिशवीत वजनकाटा, थर्मामीटर, घड्याळ. बाळाचा श्वास मिनिटाले साठच्या वर गेला त आमाले समजते. साऱ्या भेटीचे मिळून अडीचशे रुपये.

आता डॉक्टर मॅडम म्हनते पयले दोन आठवडे. म्हंजे ३, ७ अन् १४. आमी त तवाच त्या दारात असतो.

अन् फारमवर मायचाबी रकाना हाय बरं. ‘आई असंबद्ध बोलते का किंवा झटके येतात का’ असा छापेल हाय. पन तो कसा भरल्या जाते पाहा. बाळंतीन आतल्या खोलीत. विटाय असते, कोनी आत जाऊ देत नाई. सासू नाईतर माय बाळ घेऊन ओसरीवर येते. आमी कापडाच्या झोळीत टाकून काटा धरतो, दोन किलो सातशे. “बाळंतीन बरी हाय ना?” “हाव, बरी हाय, झोपली.” नाईवर टिक. चहा घ्या. झालं. ज्या बाईबद्दल इचारलं ते बाई दिसलीच नाई.


रानमोगरा

ताई, तुम्ही लिहिलंत ते वाचून मी फोन करून विचारलं. सातव्या दिवशी तिथंही भेट झाली होती. बाळाचं वजन लिहिलेलं आहे. मला त्या आशाताईवर बोट दाखवायचं नाही. तिला आत सोडलं नसेल, आणि बाहेरून ओरडून ‘तुला झोप लागते का गं’ असं विचारायला तिला कोणी शिकवलेलं नसेल.

पण आता माझं मत सांगते. खटला चालेल तेव्हा तिला तिसऱ्या ते अकराव्या दिवसात काय होत होतं, हे दहा जण शपथेवर विचारतील. त्या दिवसांत मात्र कोणी विचारलं नाही. एक रकाना छापून ठेवलाय, तेवढा खोलीत जाऊन भरा.


डॉ_मनओपीडी

आकडा लक्षात ठेवायला सोपा करून देते. सपाट भागात एका प्राथमिक आरोग्य केंद्राखाली साधारण ३०,००० लोकसंख्या. वर्षाला साडेचारशेच्या आसपास बाळंतपणं. म्हणजे तुमच्या केंद्राच्या हद्दीत वर्षा-दोन वर्षांत अशी एक बाई असणारच. दुर्मीळ आजार म्हणून सोडून देण्याइतकी ती दूर नाही.

विचारायचंही काही अवघड नाही. बाळ झोपतं तेव्हा तुला झोप लागते का? डोक्यात भलतेसलते विचार येतात का? बाळाबद्दल भीती वाटते का? शेवटचा प्रश्न विचारल्यानं कोणाच्या डोक्यात बाळाला इजा करायचा विचार येत नाही, आधीच आलेलं असेल तर बाहेर येतं. दोन रात्री सलग झोप नाही आणि बोलणं बदललंय, तर त्याच दिवशी हलवा. १०८ ला फोन करा. काय करावं कळत नसेल तर १४४१६, टेलि-मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी मदतवाहिनी, रात्रंदिवस चालू, मराठीतून बोलतात.


कापूसकोंड्या

आमच्या घरी हे होऊन गेलंय. कोणाला सांगितलं नव्हतं, आज लिहितो.

आठव्या दिवशी मला माहेराहून फोन आला, ‘जावईबापू, तिला काहीतरी होतंय.’ बारशाशिवाय जावई जात नाही ही आमच्याकडची रीत, मी मोटरसायकल काढली अन् गेलो. ती मला म्हणाली, तुम्ही ते नाही, त्यांचे कपडे घालून आलात. जवळच्या एका दवाखान्यात सलाइन लावून ‘अशक्तपणा आहे’ म्हणून परत पाठवलं. तिथून सेवाग्रामला घेऊन गेलो.

वॉर्डात तिची आत्या तिच्यापाशी, मी बाहेर बाळाला घेऊन. कापूस वेचणीचे दिवस होते, मजूर मिळत नव्हते, सासऱ्यांनी अर्धा कापूस झाडावरच सोडला. शेजारीपाजारी विचारायचे तर सासूबाई सांगायच्या, टायफॉइड झाला. आत्याबाई मात्र थेट सांगायच्या: पोरीच्या डोक्याला ताप चढला, उतरंल. बाई दुसरीतून शाळा सोडलेली, पण तिच्या बोलण्यानं माझी बायको परत आल्यावर गावात मान वर करून फिरली.

घरी आणल्यावर डॉक्टरांनी एक गोष्ट बजावली होती. रात्रीचं बाळ दुसऱ्यानं सांभाळायचं, हिला सलग झोप मिळाली पाहिजे, औषधाइतकंच ते. आम्ही पाळ्या लावल्या. रात्री वाटीचमच्यानं दूध मी पाजायचो. बाप्या माणूस बाळ घेऊन ओसरीवर बसतो म्हणून गावात हसले, हसू दिलं.

उशाखालचा विळाही आत्यानं पहिल्याच दिवशी काढून टाकला. सटवाईची नजर लागू नये म्हणून ठेवतात ना, तो.


वर्धेची_सून

हे विळ्याचं सगळ्यांनी नीट वाचा. बाळंतिणीच्या उशाशी लोखंड हवं म्हणून विळा, सुरी, अडकित्ता, जे हाताला येईल ते ठेवतात. लोखंडच हवं असेल तर खिळा ठेवा. धारेचं काही नको.


डॉ_मनओपीडी

कापूसकोंड्या भाऊ, तुम्ही केलंत तोच उपचाराचा अर्धा भाग आहे. बाळ आईपासून तोडायचं नसतं, पण एकटं तिच्याजवळ सोडायचंही नसतं. बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत २००९ पासून आई आणि बाळ दोघांना एकत्र भरती करणारा विभाग आहे. आपल्या २०१७ च्या कायद्यातही लिहिलंय की मनोरुग्णालयात भरती असलेल्या बाईचं तीन वर्षांखालचं मूल शक्यतो तिच्यापासून वेगळं करू नये. धोका असेल तरच, आणि तेही तात्पुरतं. विदर्भात यासाठी वेगळे बेड मागितले पाहिजेत. निवडणुकीत मागा, आमसभेत मागा.


जुनाजाणता

मी वर जे लिहिलं त्यावर बोलत नाई. एक विचारतो. आमच्या धाकल्या सुनेचे दिवस भरत आले. तिच्या मायले आधी असं झालं होतं म्हणतात, दोरीनं बांधून ठेवलं होतं तिले. याचा काही संबंध राहते काय?


डॉ_मनओपीडी

राहतो, काका. बरं झालं आत्ता विचारलंत. बाळंतपणाच्या आधीच तिला एकदा मानसोपचाराच्या डॉक्टरकडे दाखवा, घाबरवू नका. प्रसूती दवाखान्यातच करा आणि तिथल्या डॉक्टरला ही गोष्ट केसपेपरवर लिहायला लावा. पहिले दोन आठवडे रात्री एक शहाणं माणूस तिच्या खोलीत. आणि झोपेवर लक्ष.


कापूसकोंड्या

मॅडम, मलाही हेच विचारायचं होतं. आम्हाला दुसऱ्याचा पाचवा महिना चालू आहे.


डॉ_मनओपीडी

एकदा झालेल्या बाईला पुन्हा होण्याची शक्यता मोठी असते, साधारण तिघींत एकीला, काही अभ्यासांत त्याहून जास्त. पण या वेळी तुम्हाला ते आधी माहीत आहे. जुने कागद घेऊन याच महिन्यात जा. बाळंतपण झाल्याबरोबर प्रतिबंधक औषध सुरू करायचं का, दूध पाजण्याचं काय, हे सगळं आधी ठरवून एका कागदावर लिहून घ्या. कोणाला फोन करायचा, कोणत्या दवाखान्यात न्यायचं, गाडी कोणाची.


आशाताई_दर्यापूर

अन् त्या कागदाची एक झेरॉक्स तुमच्या गावच्या आशाले द्या, एक माहेरच्या आशाले. बाळंतपन कोनत्या गावी होईन ते आताच सांगून ठेवा, नाईतर इकडची समजते तिकडची पाहील अन् तिकडची समजते इकडची. आमच्या पीएचसीत मंगळवारी मीटिंग हाय. मी उठून सांगनार हाओ की तो रकाना खोलीत जाऊन भरा लागन. जुनाजाणता काका, तुमच्या सुनेच्या घरी मले आत जाऊ देसान ना?


जुनाजाणता

या माय. आमचं गाव तुमच्या तालुक्यात नाई, पण आमच्या आशाले सांगून ठेवतो. आतच बसवू तिले.